एकशे सतराचं बिऱ्हाड

१

एकशे सतरा नंबरच्या दाराचं कुलूप निघालं, दार खरडत आत गेलं, आणि आत बिऱ्हाड नव्हतं.

होती ती नुसती अडगळ. मोडक्या खुर्च्या, गुंडाळलेले पत्रे, पाय गेलेला पलंग, खिडकी झाकून टाकणारी खोकी आणि या सगळ्यावर जाड धूळ. पाहणीच्या कागदावर मात्र याच खोलीत एक बाई दोन मुलींसह राहत होती. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, कधीमधी घरी येणारा. बाईची निम्मी कमाई भाड्यात जात होती. घराची गरज या रकान्यात शब्द होता, 'अत्यंत'.

भिंगबाई उंबऱ्यावरच थांबल्या. चेहरा त्यांनी गंभीर ठेवला होता, पण पोटात कुठेतरी गोड वाटलं. इतकं गोड, की त्यांचं त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं.

भिंगबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ऑफिसात कुठल्याही कामातली चूक त्या शोधून काढत, म्हणून पडलेलं नाव. शहरात परवडणाऱ्या घरांची गरज नेमकी किती आहे, याची मोठी पाहणी त्यांच्या खात्याने हाती घेतली तेव्हा प्रमुख म्हणून आपलंच नाव येणार हे त्यांनी धरून ठेवलं होतं. नाव आलं ते 'नवी'चं. नवी येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी तिला सगळे नवीच म्हणत, आणि तेही कौतुकाने. भिंगबाईंच्या वाट्याला आलं पडताळणीचं काम. म्हणजे नवीने रांगोळी काढायची आणि यांनी ठिपके मोजायचे.

"असं कसं लिहितात हो खोटंनाटं?" त्या मालकाला म्हणाल्या.

दार बंद करताना त्यांचा तळवा दाराच्या आतल्या बाजूला टेकला. हात चिकट झाला. त्यांनी तो रुमालाला पुसला आणि रुमाल पर्समध्ये कोंबला.

२

तक्रार फोनवरून आली होती. कुणीतरी बाई, नाव सांगितलं नाही. "त्या इमारतीत एकशे सतरा नंबरला कुणी राहत नाही, तुमच्या माणसांनी बसल्या जागी भरलंय," एवढं बोलून फोन ठेवला.

पाहणीत नावं लिहायची नाहीत असं आधीच ठरलं होतं, म्हणजे माणसं न घाबरता बोलतील. ओळख फक्त दारावरच्या निळ्या नंबरची. भिंतींचे पोपडे निघालेले, म्हणून नंबर दारांवरच रंगवलेले. एक जरी बिऱ्हाड बनावट निघालं, तर त्या भागातली सगळी पाहणी रद्द व्हायची आणि जुने आकडे धरायचे, असा साहेबांचा नियम. जुन्या आकड्यांप्रमाणे त्या भागात घरांची गरज जवळजवळ नव्हतीच. म्हणजे तिथल्या माणसांना नवी घरं नाहीत, आणि नवीला नवं काम नाही.

"मी त्या घरात बसलेय हो," नवी सकाळी म्हणाली होती. तिचा आवाज पहिल्यांदाच कापत होता. "दुसरा मजला, गॅलरीतली शेवटची खोली. पिवळ्या भिंती. खिडकीतून पाण्याची टाकी दिसते. धाकट्या मुलीने मला तिचं चित्र दाखवलं."

"पडताळणी होईपर्यंत तू तिकडे फिरकायचं नाहीस," साहेबांनी तिला बजावलं, आणि भिंगबाईंना पाठवलं.

आता भिंगबाई एकेकाला विचारत निघाल्या. सुरुवात मालकापासून. मालक तळमजल्यावर राहायचा; गुडघे गेलेले, जिना चढताना त्याने निम्म्या वाटेत देवाचं आणि बाकीच्या वाटेत डॉक्टरचं नाव घेतलं होतं.

"या खोलीत कोण राहतं?"

"उंदीर," मालक म्हणाला. "वर्षानुवर्षं बंद आहे. किल्ली जिन्यातल्या खिळ्याला, कुणीही घ्या. पण बाई, तुम्ही हवं तर लिहा की! दहा बिऱ्हाडं लिहा. गरज मोठी दिसली तर ही इमारत लवकर पाडून बांधतील. माझं काय जातंय?"

दुसरा सुतार. जिन्याखाली त्याचं दुकान, मागच्या खोलीत बायको आणि म्हातारी आई.

"त्या खोलीत? कुणी नाही. तुमच्या लोकांनी अडगळीलाही नंबर घातला, हे बघून हसलो आम्ही."

तिसरी ताई. हिला अख्खी इमारत ताई म्हणायची. जिने-गॅलऱ्या झाडायचं काम तिच्याकडे. दुसऱ्या मजल्यावर मधल्या दोन खोल्यांत तिचा संसार. भिंगबाई गेल्या तेव्हा ती सासऱ्यांना औषध पाजत होती.

"मी घरांच्या पाहणीकडून आलेय. शेवटच्या खोलीबद्दल विचारायचं होतं."

"एकशे सतरा ना? कुणी नाही राहत तिथं." तिने सासऱ्यांचं तोंड पुसलं. "तुमच्या त्या बाई घाईत होत्या. झालं असेल चुकून."

तिघांचं उत्तर एकच. भिंगबाईंनी वहीत तीन खुणा केल्या आणि जिना उतरल्या. अहवालाचं पहिलं वाक्य त्यांच्या डोक्यात तयारही होतं.

३

संध्याकाळी घरी त्यांनी रुमाल धुवायला काढला. पाण्याखाली धरला, साबण लावला, चोळला. पिवळसर डाग हलेना.

हा डाग कुठल्याही बाईच्या ओळखीचा. ओट्याजवळच्या भिंतीवर, खिडकीच्या गजांवर, कपाटाच्या वरच्या कडेला रोजच्या स्वयंपाकाचा जो चिकटा बसतो, तो हा. तेल आणि वाफ. महिनोन्महिने चूल पेटल्याशिवाय तो येत नाही.

अडगळीच्या दाराला आतून चिकटा कसा?

भिंगबाई नळ चालू ठेवून तशाच उभ्या राहिल्या. भिंती त्यांनी पाहिल्या होत्या. कोरड्या, चुन्याचा भुगा सुटलेला. तेलाचा एक थेंबही नाही. म्हणजे भिंतींनी कधी स्वयंपाक पाहिला नव्हता, आणि दाराने पाहिला होता.

'असेल काहीतरी,' मन म्हणालं. 'सुताराने कुठलंतरी जुनं दार बसवलं असेल. तू काय दाराची पाहणी करायला गेली होतीस?'

आणि त्याच मनाने नवीचं टेबल पुढे आणलं. खिडकीशेजारचं, उजेडाचं. साहेब जाता-येता तिथे थबकत, हसून बोलत. भिंगबाईंनी एवढ्या वर्षांत साहेबांच्या किती चुका गुपचूप निस्तरल्या, त्यांच्या टेबलाशी मात्र कुणी थबकलं नाही. उद्या हा अहवाल गेला की ते टेबल रिकामं होणार होतं. काही करायचं नव्हतं. खोटंही बोलायचं नव्हतं. खोलीत कुणी राहत नाही, हे तर तिघांनी सांगितलं होतंच.

फक्त रुमाल वाळत घालायचा आणि गप्प बसायचं.

त्यांनी रुमाल पिळला. मग एकदम त्यांना दुसरीच गोष्ट टोचली. आपण तिघांनाही 'या खोलीत कोण राहतं' एवढंच विचारलं. 'दोन मुलींना घेऊन राहणारी बाई या इमारतीत आहे का' हे एकालाही विचारलं नाही. चुका शोधण्यात ज्यांनी आयुष्य घालवलं, त्यांच्या हातून एवढा साधा प्रश्न सुटला होता.

सुटला नव्हता. आपल्याला हवं ते उत्तर मिळालं, तेव्हा आपणच पुढे विचारलं नाही.

४

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या, मालकाला न बोलावता. जिन्यातल्या खिळ्यावरची किल्ली घेतली. वर्षानुवर्षं बंद असलेलं कुलूप एका वळशात उघडलं.

या वेळी त्यांनी खोलीकडे पाहिलंच नाही. दाराकडे पाहिलं. पातळ लाकडाचं एकपाखी दार. बिजागऱ्या जुन्या पद्धतीच्या, दार पूर्ण उघडून वर उचललं की निघून हातात यावं अशा. इमारतीतली सगळी दारं एका मापाची, एका वेळी बनवलेली. दार हलवलं की खालचा कोपरा फरशीवर खरडत होता. असं खरडणारं दार वर्षभर जरी उघडझाक केलं, तरी फरशीवर अर्धगोल उमटतो. इथली फरशी कोरी होती. नवी, बारीक अशी एकच रेघ.

म्हणजे हे दार इथलं नाही.

मग कुठलं? भिंगबाई गॅलरीत आल्या आणि जागच्या जागी थिजल्या. गॅलरीला टोकं दोन असतात. 'शेवटची खोली' इकडेही होती आणि तिकडेही.

त्या दुसऱ्या टोकाला गेल्या. तिथलं दार बंद. त्यावर नंबर नव्हता. लाकूड धुळीने करडं पडलेलं, कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्याचा पुसका अंश. दाराखाली बोटभर फट, आणि त्या फटीतून दिसत होती फरशी. तिच्यावर झिजून खोल गेलेला अर्धगोल. दार मात्र त्याला कुठेच टेकत नव्हतं.

बाई कामावर असणार. भिंगबाई जिन्याच्या पायरीवर बसून राहिल्या. उन्हं कलल्यावर दोन मुली दप्तरं उडवत वर आल्या, मागून त्यांची आई, लॉन्ड्रीतल्या इस्त्रीने भाजल्याचे डाग हातांवर असलेली. नवीने लिहिलेली बाई हाडामांसाची समोर उभी होती.

"पाहणीवाल्या का? या ना. त्या दुसऱ्या बाई बऱ्या आहेत ना? फार गोड बोलल्या होत्या."

'आहेत तशा,' असं काहीतरी भिंगबाई पुटपुटल्या. गोड बोलतेच ती. आत भिंती पिवळ्या होत्या. खिडकीतून पाण्याची टाकी दिसत होती.

"तुमच्या दारावर नंबर होता ना?"

"होता की. पण ते दार फुगलेलं, सुताराने तासायला नेलंय. तोवर हे अडगळीचं बसवलंय."

"सुतार स्वतः आला होता?"

"मी कामावर होते. घरी आले तेव्हा बसवून झालेलं होतं."

भिंगबाई तडक जिन्याखाली गेल्या. सुतार करवतीला धार लावत होता.

"दुसऱ्या मजल्यावरचं दार तुम्ही कधी देणार?"

"कुठलं दार?" त्याने मान वर केली. "माझ्याकडे कुणाचं दार नाही. ठेवायला जागा आहे का इथं? आणि त्या टोकाचं म्हणताय, ज्याच्याखाली बोटभर फट राहिलीय? बाई, ते मी बसवलं असतं तर लोकांनी माझ्या तोंडात शेण घातलं असतं."

त्याच्या दुकानाचं स्वतःचं दार भिंगबाईंनी ढकलून पाहिलं. आवाजही न करता ते बंद झालं.

त्या पुन्हा वर आल्या, धापा टाकत.

"दार सुताराने नेलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ताईने," लॉन्ड्रीवाली म्हणाली. "माझी सख्खी ताई आहे ना ती. तिनेच तर मला इथे आणलं."

५

ताई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. भिंगबाई तिच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. आवाज खाली ठेवून म्हणाल्या, "मालकाने हे केलं नाही. त्याला गरज जास्त दिसायला हवी आहे, शिवाय त्याच्या गुडघ्यांना दार उचलणं झेपत नाही. सुताराने केलं असतं तर दार खरडलं नसतं. ज्याने केलं त्याला या मजल्यावर भर दुपारी दार घेऊन जाताना कुणी टोकणार नव्हतं, कारण गॅलरी झाडणारं माणूस सामान इकडचं तिकडे करतच असतं. आणि काल मी तुम्हाला नुसतं 'शेवटची खोली' म्हटलं. दोन्ही टोकांपैकी कुठली, हेसुद्धा तुम्ही विचारलं नाहीत. 'एकशे सतरा ना' म्हणालात. इथे बाकी सगळे तिला अडगळ म्हणतात. नंबर पाठ होता तो फक्त फोन करणाऱ्या बाईला."

ताईने हातातला शर्ट झटकला. एकदा, दोनदा. मग तो दोरीवर न टाकता छातीशी धरून उभी राहिली.

"त्या तुमच्या बाई तिच्या घरी आल्या तेव्हा मी तिथेच होते," ती म्हणाली. "तिला म्हणाल्या, तुमचं बिऱ्हाड गरजेच्या पहिल्या गटात बसतं. मग माझ्या घरी आल्या. खोल्या दोन, नळ स्वतःचा. म्हणाल्या, तुमचं पुरेसं आहे, तुम्ही बसत नाही. पुरेसं! सात माणसं आहोत आम्ही. एका खोलीत सासू-सासरे, दुसरीत मुलं. मी आणि हे इथे गॅलरीत पथारी टाकतो. मी सांगायला लागले तर म्हणाल्या, माणसांचा प्रश्न नाही ताई, खोल्यांचा आहे."

"मग तक्रार तशी करायची होतीत."

"कुणाकडे? तुमच्याकडे?" ताईचा आवाज चिरकला. "लग्न होऊन आले तेव्हापासून मी या गॅलरीत आहे. तिला मी आणलं. भाडं कमी करायला मालकाचे पाय मी धरले. तिच्या मुलींच्या वेण्या मी घातल्या. आणि ती जाणार नव्या घरात, आणि मी तिच्या रिकाम्या खोलीपुढचा केर काढत बसणार? त्या रात्रीपासून डोळ्याला डोळा लागला नाही. ती हसली तरी मला डागल्यासारखं व्हायचं. माझ्याच हातांनी वाढवलेली पोरगी, बाई."

खिडकीशेजारच्या टेबलावरचा उजेड भिंगबाईंच्या डोळ्यांपुढे आला आणि तो काही केल्या जाईना.

"तिचं घर मी जाळलं नाही," ताई हळू म्हणाली. "तिला नुसतं मोजणीतून काढलं. म्हटलं, राहू दे दोघींना इथंच. सारख्या."

मागे काहीतरी हललं. भिंगबाईंनी वळून पाहिलं. लॉन्ड्रीवाली तिथे उभी होती, हातात चहाचा कप. कप पाहुण्या बाईसाठी आणलेला. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने कप गॅलरीच्या कठड्यावर ठेवला, मुलींना हाक मारली आणि आपल्या खोलीत निघून गेली.

६

अहवाल भिंगबाईंनी साहेबांच्या पुढ्यात ठेवला तेव्हा नवीही तिथे होती. रात्रभर रडल्यासारखे डोळे.

"बिऱ्हाड खरं आहे," भिंगबाई म्हणाल्या. "दाराची अदलाबदल झाली होती." आणि सगळं सांगितलं, चिकटा, अर्धगोल, दोन टोकं. फक्त तो रुमाल आपण धुऊन गप्प बसणार होतो, एवढं सांगितलं नाही.

साहेबांनी मोठ्ठा श्वास सोडला आणि नवीच्या खांद्यावर थाप मारली. "तरी मी म्हणत होतो! तुझं काम चोख असतं." भिंगबाईंच्या खांद्याला काही थाप मिळाली नाही. अपेक्षाही नव्हती, असं त्यांनी स्वतःला बजावलं, आणि तरी खांदा तेवढ्यापुरता जड झाला.

"त्या बाईवर कारवाई करावी लागेल," साहेब म्हणाले.

"करा. पण त्याआधी तिचं घर पुन्हा मोजा. सात माणसं, त्यातली दोन उघड्यावर झोपतात, आणि आपल्या कागदावर ते घर 'पुरेसं' आहे. खोल्या मोजल्यात, पाठ टेकायला जागा किती हे कुणी विचारलंच नाही. अशी 'पुरेशी' घरं या शहरात किती असतील, हे मला विचाराल तर मला माहीत नाही. तुम्हालाही नाही."

खोल्यांचा तो प्रश्न नवीने लिहिलेला होता, हे तिघांनाही ठाऊक होतं. आता ही हुज्जत घालणार, भिंगबाई मनाशी म्हणाल्या, आणि मग मी बघते.

नवीने अहवालाची पानं आपल्याकडे ओढली. "प्रश्नच चुकलाय माझा," ती म्हणाली. "सगळ्या भागात परत जावं लागेल. साहेब, मुदत वाढवून द्या." मग भिंगबाईंकडे वळून, "नवा प्रश्न तुम्ही लिहाल? मला नाही सुचणार असा."

किती सहज म्हणाली. ना आढेवेढे, ना मान खाली. भिंगबाईंच्या जिवाची पुन्हा एकदा तगमग झाली. चूक कबूल करणंसुद्धा या पोरीला आपल्यापेक्षा चांगलं जमत होतं.

"लिहीन," त्या म्हणाल्या. "पण माझ्या टेबलावर बसून. तुझ्या तिथे उजेड फार येतो."

७

फेरमोजणीला दोघी बरोबर गेल्या. ताईवर खटला झाला नाही. तिला लेखी ताकीद देऊन प्रकरण मिटवलं होतं. नव्या प्रश्नाने तिचं बिऱ्हाडही गरजेच्या गटात आलं. घर कधी मिळेल, मिळेल की नाही, हे कुणी सांगू शकत नव्हतं. पण मोजणीत दोघी बहिणी होत्या.

सुताराने निळ्या नंबरचं दार मूळ जागी बसवलं होतं, कोपरा तासून. नवी ताईच्या घरात लिहून घेत होती, तेव्हा भिंगबाई गॅलरीत उभ्या होत्या. ताई आतून झाकलेला डबा घेऊन बाहेर आली. बहिणीच्या खोलीशी गेली.

इतकी वर्षं ती त्या खोलीत कधीही शिरत असे, आपलीच असल्यासारखी. हे भिंगबाईंना शेजारणीने सांगितलं.

आज ताईने दारावर टकटक केलं.

"कोण?" आतून आवाज आला.

ताईने डबा दुसऱ्या हातात घेतला. खाली नळावर कुणीतरी बादली ठेवली, ती भरत आली, वाहू लागली.

"मी," ताई म्हणाली.

कडी काढायला आतून बराच वेळ लागला. पण कडी निघाली.